डब्यावरचे ड्राम : आत नसलेल्या दारूचे माप

विसाव्या शतकात अमेरिकेत विकल्या गेलेल्या छऱ्यांच्या काडतुसांचा कोणताही साधा डबा घ्यावा. पुठ्ठ्याचा, पंचवीस काडतुसांचा. त्याच्या झाकणावर आकड्यांची एक ओळ असते : १२ गेज, २ ३/४ इंच, ३ १/४, १ १/४, ७ १/२. पहिला आकडा बंदुकीच्या नळीचा, दुसरा काडतुसाच्या लांबीचा. शेवटून दुसरा छऱ्यांचे वजन सांगतो, औंसांत; शेवटचा म्हणजे छऱ्याच्या आकाराचा क्रमांक. मधला सव्वातीन हा आकडा दारूचा. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत ‘ड्राम इक्विव्हॅलंट’, म्हणजे ‘ड्राम-समतुल्य’, असे छापलेले आढळते.

सव्वातीन ड्राम म्हणजे सुमारे ८९ ग्रेन. पण त्या काडतुसात कारखान्याने भरलेली दारू तराजूत घातली, तर ती त्याच्या पाव ते एक-तृतीयांश हिश्श्याच्या आसपासच भरते. उरलेली दारू गेली कुठे? ती तिथे कधीच नव्हती. कंपनीने गिऱ्हाइकाला फसवलेले नाही आणि आकडाही खोटा नाही. तो आकडा ज्या दारूविषयी बोलतो, ती दारू मात्र त्या डब्यात नाही. ती काळी दारू होती, आणि साध्या शिकारी काडतुसांतून ती बाहेर पडून पुष्कळ काळ लोटला आहे.

हा विचित्र आकडा का जन्माला आला, हे पाहू लागले की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका मोठ्या स्थित्यंतराचा मागोवा लागतो. त्या स्थित्यंतरात बंदुका फुटल्या, बोटे तुटली, डोळे गेले. पुष्कळदा कारण एकच होते : माप जुने आणि दारू नवी.

आधी ‘ड्राम’ या शब्दाकडे पाहावे लागेल, कारण तो मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. ग्रीकांचे ‘द्राख्मे’ हे चांदीचे नाणे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नमूद आहे की, भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या यवन राजांची जुनी द्राख्मे नाणी अजून चालत होती. याच शब्दापासून अरबी ‘दिरहम’ झाला आणि संस्कृत ‘द्रम्म’ही. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत दानाच्या रकमा द्रम्मांत मोजलेल्या आढळतात. द्रम्माचा पुढे ‘दाम’ झाला. अकबराच्या काळी चाळीस दामांचा एक रुपया होत असे, आणि आपण आजही वस्तूचे ‘दाम मोजतो’. युरोपात तोच शब्द नाण्यावरून वजनावर गेला आणि ‘ड्राम’ होऊन औषधविक्रेत्याच्या तराजूत बसला.

इथे पहिला घोटाळा झाला. इंग्रजी वजनांत ड्राम दोन होते. औषधविक्रेत्याचा ड्राम ६० ग्रेनांचा. सामान्य व्यापारातील ड्राम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, २७.३४ ग्रेनांचा, आजच्या हिशेबाने १.७७ ग्रॅम. बंदुकीची दारू मोजण्यासाठी दुसरा ड्राम वापरात होता. नाव एक आणि वजनात दुपटीहून अधिक अंतर! तीन ड्राम दारू म्हणजे ८२ ग्रेन. आपल्याकडे ब्रिटिशांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनांचा ठरवला, त्या मापाने ती अर्ध्या तोळ्याहून थोडी कमी भरते. त्याच तीन ड्रामांचा अर्थ औषधविक्रेत्याच्या तराजूने लावला, तर एक तोळा दारू नळीत जाईल.

प्रत्यक्षात शिकारी तराजू वापरत नसेच. ठासणीच्या बंदुकीच्या काळात दारू मोजली जाई ती मापट्याने. कमरेला लटकणाऱ्या दारूच्या शिंगाच्या किंवा तांब्याच्या कुप्याच्या तोंडाशी मागेपुढे सरकणारी नळी असे; तिच्यावर अडीच, पावणेतीन, तीन अशा खुणा. खुणेपर्यंत दारू घ्यावी, नळीत ओतावी, वर नमद्याची चकती ठासावी, मग छरे, मग आणखी एक पातळ चकती, की बार भरला. म्हणजे ‘तीन ड्राम’ हे कागदावर वजन होते आणि व्यवहारात आकारमान. तीन ड्राम काळी दारू जेवढी जागा व्यापते, तेवढी जागा.

हा ढिलेपणा कुणाला फारसा भोवला नाही, याचे श्रेय काळ्या दारूच्या स्वभावाला द्यावे लागते. सोरा ७५ टक्के, कोळसा १५, गंधक १०, या मिश्रणाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावरही घनरूपातच उरतो. दाट धूर आणि नळीतील काजळी म्हणजे तोच भाग. वजनाच्या मानाने तिची ताकद बेताची असते. चिमूटभर कमी पडली तर बार थोडा मंद निघे, चिमूटभर अधिक पडली तर खांद्याला धक्का जरा जोराचा बसे. काळी दारू हौशी माणसाच्या चुका पोटात घालत असे. म्हणूनच कित्येक पिढ्यांच्या हातांना आणि डोळ्यांना एक सवय लागली : ड्रामांची संख्या म्हणजे बंदुकीचा जोर.

‘१२ गेज’ हाही असाच एक जुना हिशेब आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा गेजची नळी. व्यास ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. भारतात तिला आजही ‘बारा बोअर’ म्हणतात. म्हणूनच सोळा आणि वीस गेजच्या नळ्या बाराहून अरुंद असतात, आणि नवख्याचा नेहमी उलटा समज होतो. परंतु हा आकडा निरुपद्रवी आहे. गोळ्या कुणी मोजत नाही, आणि मोजल्या तरी काही बिघडत नाही. ड्रामाचे तसे नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मागून उघडणारी बंदूक आली. फ्रान्समधील लफोशो यांची तशी बंदूक १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात इंग्रजांनी पाहिली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ठासण्याचा गज हळूहळू बाजूला पडला. दारू, चकत्या आणि छरे आता कागदी काडतुसात आधीच भरलेले मिळू लागले. गिऱ्हाइकाला आतले दिसेना, तेव्हा आत काय आहे हे सांगणे आवश्यक झाले. काडतुसाच्या तोंडावरील पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर बारीक ठशात आकडे छापण्याची पद्धत पडली : इतके ड्राम, इतके औंस, अमुक क्रमांकाचे छरे. आजच्या डब्यावरची ओळ ही त्या चकतीचीच वंशज आहे. तेव्हा मात्र तिच्यातील प्रत्येक आकडा शब्दशः खरा होता.

पुष्कळ शिकारी तरीही घरीच काडतुसे भरत. रिकामी कवचे, टोप्या, चकत्या आणून रात्री दिव्याखाली मापटे घेऊन बसणे हा शिकारीइतकाच आवडीचा उद्योग होता. मापट्यावर अर्थातच ड्राम कोरलेले असत. पुढचा सगळा अनर्थ या मापट्याभोवती घडला.

१८४६ मध्ये शोनबाइन यांनी कापसावर नत्राम्लाची प्रक्रिया करून गनकॉटन बनवले, तेव्हापासून धूर न करणाऱ्या दारूचे स्वप्न युरोपात घर करून होते. गनकॉटन मात्र जळण्याऐवजी फुटत असे. इंग्लंडमधील स्टोमार्केट या गावी १८७१ मध्ये गनकॉटनच्या कारखान्यात स्फोट होऊन २८ माणसे मृत्युमुखी पडली. नव्या दारूविषयी शिकाऱ्यांच्या मनात जी भीती होती, ती अशी निराधार नव्हती.

प्रशियाच्या तोफखान्यातील कॅप्टन शुल्ट्झ यांनी १८६० च्या दशकात कापसाऐवजी लाकूड घेतले. लाकडाचे बारीक कण, त्यांवर नत्राची प्रक्रिया, शिवाय क्षारांचा एक हात. ही दारू गनकॉटनपेक्षा शांतपणे जळे. इंग्लंडमध्ये न्यू फॉरेस्टच्या रानात आयवर्थ येथे तिचा कारखाना निघाला. १८८२ मध्ये त्याच स्टोमार्केटमधून ‘ई. सी.’ नावाची दुसरी धूरविरहित दारू बाजारात आली. सुरुवातीच्या काळात दोघींचाही भरवसा देता येत नसे. एक बार सणसणीत तर पुढचा फुसका, असा प्रकार होई. तरीही धूर नाही, काजळी नाही आणि धक्का कमी, हे सुख एकदा चाखलेला शिकारी मागे फिरायला तयार नव्हता.

या उत्पादकांनी एक व्यवहारचतुर निर्णय घेतला. नवी दारू हलकी आणि सच्छिद्र ठेवायची. इतकी की, तीन ड्रामांचे जुने मापटे तिने काठोकाठ भरले, तर काळ्या दारूच्या तीन ड्रामांइतकाच जोर मिळावा. त्या मापट्यात शुल्ट्झची दारू साधारण ४२ ग्रेन बसे. वजन निम्मे, जागा तीच, जोर तोच. अशा दारूला व्यापारात ‘बल्क’ दारू म्हणू लागले. शिकाऱ्याला काहीही नवीन शिकावे लागले नाही. तेच मापटे, तीच खूण, तेच कवच, त्याच चकत्या. ‘तीन ड्राम’ या शब्दांचा वजनाशी असलेला संबंध इथे पहिल्यांदा तुटला, पण कुणाच्या लक्षात आला नाही, कारण जागेशी असलेला संबंध शाबूत होता.

गिऱ्हाइकाच्या सवयीची इतकी काळजी घेणाऱ्या या निर्णयाला दोष देता येत नाही. त्याने एक खोटी खात्री मात्र निर्माण केली : दारू कोणतीही असो, मापटे चालते.

१८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी बॅलिस्टाइटचे एकस्व घेतले. नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज यांची ही दारू सच्छिद्र नव्हती. घट्ट, जड, चकचकीत पापुद्र्यांची होती. तिच्यामागून तशाच आणखी दारू आल्या, आणि त्यांना ‘डेन्स’, म्हणजे दाट, म्हणण्याची रीत पडली. काळ्या दारूच्या तीन ड्रामांचे काम या वर्गातील दारू २४ ग्रेनांच्या आसपास करी. ती कवचात इतकी थोडी जागा व्यापत असे की, रिकामी जागा भरून काढण्यासाठी काही कारखान्यांनी आतला तळ उंच आणि शंकूसारखा असलेली खास कवचे काढली.

आता दिव्याखाली बसलेला तोच शिकारी डोळ्यांसमोर आणावा. दुकानातून नव्या दारूचा डबा आणला आहे. डब्यावर ‘धूरविरहित’ असे लिहिले आहे. शुल्ट्झची दारूही धूरविरहितच होती, आणि ती तो वर्षानुवर्षे तीन ड्रामांच्या मापट्याने भरत आला आहे. तो मापटे काठोकाठ भरतो. दारू घट्ट असल्यामुळे त्या जागेत योग्य भाराच्या कित्येक पट वजन मावते. दुसऱ्या दिवशी पहिल्याच बाराला नळीचा मागचा भाग फाटतो, आणि तिथेच, नळीखाली, त्याचा डावा हात असतो.

हा एकट्यादुकट्याचा मूर्खपणा नव्हता. ‘ड्राम’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरात होता : काळ्या दारूचे वजन, मापट्यातील जागा, आणि दाट दारूच्या बाबतीत निव्वळ तुलना. तिन्ही अर्थ एकाच दुकानाच्या एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी यादीपत्रकांत बल्क दारूची काडतुसे ड्रामांत आणि डेन्स दारूची ग्रेनांत दिलेली आढळतात. तीन ड्राम बल्क, नाही तर २४ ग्रेन डेन्स. हे प्रामाणिक होते, पण गिऱ्हाइकाला कळेनासे झाले. २४ आणि ३ यांतले जोराचे कोणते? दुकानदार त्याला ओळखीच्या भाषेत सांगे : हे तीन ड्रामांच्या बरोबरीचे. तीच दुकानदारी भाषा पुढे ‘समतुल्य’ या एका शब्दाच्या आधाराने डब्यावर छापून आली.

पण बरोबरी नेमकी कशात? धूर, आवाज, धक्का हे सारे वेगळेच होते. मोजून सिद्ध करता येईल अशी एकच गोष्ट होती : छरे किती वेगाने निघतात.

वेग मोजण्याची विद्या तोवर शंभरहून अधिक वर्षांची झाली होती. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ च्या आपल्या ग्रंथात टांगत्या लाकडी लंबकावर गोळी झाडून, लंबक किती झुलला त्यावरून वेग काढण्याची रीत मांडली. (हे रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तटबंदीच्या कामासाठी हिंदुस्थानात आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारले.) लंबकाने ढोबळ वेग कळे. काडतुसांच्या कारखान्याला रोज वापरता येईल असे यंत्र मिळाले ते बेल्जियमचे लष्करी अधिकारी ले बूलाँजे यांच्याकडून, १८६० च्या दशकात.

ते यंत्र इतके साधे आणि देखणे आहे की त्यावर क्षणभर थांबायला हवे. विजेच्या चुंबकाला एक लांब दांडी टांगलेली असते. बंदुकीच्या तोंडाशी ताणलेली तार गोळीने तोडली की त्या चुंबकाची वीज जाते आणि दांडी खाली पडू लागते. ठरावीक अंतरावर दुसरे लक्ष्य असते. तिथे गोळी पोहोचली की दुसऱ्या चुंबकाची वीज जाते, एक आखूड दांडी पडते आणि खालची कळ दाबते. कळ सुटताच एक पाते झटकन पुढे येऊन, अजून पडतच असलेल्या लांब दांडीवर खाच पाडते. खाच किती उंचीवर पडली ते मोजावे. पडणारी वस्तू किती वेळात किती अंतर जाते, हे गॅलिलिओपासून ठाऊक आहे. दांडी जेवढी पडली तेवढा वेळ, आणि तेवढ्या वेळात गोळीने काटलेले अंतर. घड्याळाऐवजी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण वापरून सेकंदाचे बारीक तुकडे मोजणारे हे यंत्र कित्येक दशके दारूच्या कारखान्यांतून चालू राहिले.

वेग हातात आल्यावर ‘समतुल्य’ या शब्दाला पक्का अर्थ देता आला. छऱ्यांचे अमुक वजन अमुक ड्राम काळ्या दारूने ज्या वेगाने निघाले असते, तो वेग नव्या दारूने गाठला, की काडतुसावर तेवढे ड्राम छापायचे. मग आत कोणती दारू आहे आणि किती ग्रेन आहे, हा कारखान्याचा प्रश्न. अमेरिकेतील शस्त्र व दारूगोळा उत्पादकांची मानके ठरवणारी संस्था १९२६ मध्ये स्थापन झाली, आणि ड्राम व औंस यांच्या जोड्यांना ठरावीक वेग लावलेले कोष्टक त्या व्यवसायात रूढ झाले.

त्या कोष्टकातील काही ओळी पाहण्यासारख्या आहेत. बारा गेजमध्ये १ १/८ औंस छऱ्यांसाठी पावणेतीन ड्राम म्हणजे सेकंदाला १,१४५ फूट, तीन ड्राम म्हणजे १,२००, सव्वातीन म्हणजे १,२५५. प्रत्येक पाव ड्रामाला ५५ फुटांची भर. (मराठी वाचकाला सव्वा, पाऊण यांची सवय असल्यामुळे ही पावकीची भाषा इंग्रजांहूनही सहज बोलता येते.) आता त्याच सव्वातीन ड्रामांत छऱ्यांचे वजन सव्वा औंस केले, की वेग १,२२० वर येतो. आणि तीन ड्राम, एक औंस या जोडीचा वेग आहे १,२३५. म्हणजे तीन ड्रामांचे काडतूस सव्वातीन ड्रामांच्या काडतुसाहून वेगवान!

इथे गिऱ्हाइकाचा हमखास घोळ होई. डब्यावरचा मोठा आकडा म्हणजे ‘पॉवर’ अधिक, असा समज अमेरिकेतही होता आणि अजून पुरता गेलेला नाही. वास्तविक हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. शेजारचे औंस वाचल्याशिवाय त्याला अर्थ नाही. घोड्यांच्या संख्येवरून इंजिनाचा जोर सांगण्यासारखाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की, इंजिनाच्या आत घोडे नसतात हे सगळ्यांना ठाऊक असते. काडतुसाच्या आत मात्र दारू असतेच.

इंग्रजांनी त्यात आणखी एक गुंता घातला. अमेरिकी आकडा नळीच्या तोंडापासून तीन फुटांवरच्या वेगाचा. इंग्रज कारखानदार सांगत असत तो ‘प्रेक्षित वेग’, म्हणजे पहिल्या वीस यार्डांतील सरासरी. छरा हलका आणि गोल असल्यामुळे हवेत त्याचा वेग फार लवकर ओसरतो. त्यामुळे इंग्रजी काडतुसावरचे १,०७० फूट आणि अमेरिकी काडतुसावरचे १,२०० फूट हे आकडे नुसते शेजारी ठेवले, तर इंग्रजी काडतूस दुबळे वाटते. प्रत्यक्षात फरक बराचसा मोजण्याच्या जागेचा असतो. हे कोडे सामान्य शिकाऱ्याला सोडवून सांगण्याचे मोठे काम मेजर जेरल्ड बरार्ड यांच्या ‘द मॉडर्न शॉटगन’ या १९३१-३२ मधील ग्रंथाने केले. बरार्ड तोफखान्यातील अधिकारी होते, हिमालयातील शिकारीवर त्यांनी लिहिले आहे, आणि त्यांचे वडील सर सिडनी बरार्ड हे भारताचे सर्व्हेअर जनरल होते. मोजमापाचा काटेकोरपणा त्या घराण्यात होताच, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ना ड्रामांत होती ना फुटांत. ती म्हणजे नळीतील दाब.

दोन काडतुसांवरचे ड्राम एकच असू शकतात, दोन्हींतले छरे एकाच वेगाने बाहेर पडू शकतात, आणि तरीही एकाने नळीवर दिलेला दाब दुसऱ्याहून बराच अधिक असू शकतो. दारू किती झपाट्याने जळते यावर ते अवलंबून असते. झपाट्याने जळणारी दारू नळीच्या मागच्या टोकाशीच सगळा जोर काढते. सावकाश जळणारी तोच जोर नळीच्या लांबीवर पसरवते. अमेरिकेतील वेस्टर्न कंपनीच्या जॉन ऑलिन यांनी १९२२ मध्ये आणलेल्या ‘सुपर-एक्स’ काडतुसांचे मर्म हेच होते. सावकाश, चढत्या क्रमाने जळणारी दारू वापरून सव्वा औंस छरे त्यांनी आधीच्या मानाने बऱ्याच अधिक वेगाने पाठवले, आणि दाब मर्यादेत ठेवला. ड्राम-समतुल्य आकड्यात या कर्तबगारीची खूण एवढीच की तो मोठा झाला.

त्या काळच्या पुष्कळ घरांत आजोबांची जुनी बंदूक खुंटीला होती. तिची नळी ‘दमास्कस’ धाटणीची, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेली. दिसायला पैठणीच्या काठासारखी नक्षीदार, आणि काळ्या दारूसाठी पुरेशी मजबूत. डब्यावर ‘तीन ड्राम’ वाचून नातू म्हणणार, आजोबाही तीनच भरत. आकड्याने त्याला वेग सांगितला. दाबाबद्दल तो गप्प बसला. इंग्लंडमध्ये या मौनाचा उपाय काडतुसावर न करता बंदुकीवर केला गेला. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून धूरविरहित दारूच्या कसोटीला उतरलेल्या नळ्यांवर ‘नायट्रो प्रूफ’ असा वेगळा शिक्का मारायला सुरुवात केली. शिक्का नसेल तर काळी दारूच वापरायची. अमेरिकेत अशी सरकारमान्य चाचणीगृहे नव्हती. तिथे डब्यांवर इशारे छापण्यावर भिस्त राहिली.

लांबीच्या आकड्यातही असाच एक सापळा आहे, आणि तो महाराष्ट्रातही बनणाऱ्या काडतुसांना लागू पडतो. १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ‘शक्तिमान’ या नावाची बारा बोअरची काडतुसे बनतात. त्यांची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात : ६५ आणि ७०. ही जुनी अडीच आणि पावणेतीन इंचांचीच मापे. ही लांबी बाजारात मिळणाऱ्या, तोंड दुमडलेल्या काडतुसाची नसते. बार उडून तोंड उलगडल्यावरची असते. म्हणून ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ च्या जुन्या बंदुकीत विनातक्रार बसते, बंदूक बंदही होते. अडचण चाप ओढल्यावर येते. उलगडलेले तोंड नळीच्या अरुंद भागात शिरते, वाट अडते आणि दाब चढतो. डब्यावरचा आकडा खरा असूनही डोळ्यांना फसवतो, तो असा.

ड्रामांच्या आकड्याचा शेवट दाबाने झाला नाही. तो शिशाने झाला. पाणथळ जागी पडलेले शिशाचे छरे खाऊन बदके आणि त्यांना खाणारे गरुड विषबाधेने मरत असल्याचे सिद्ध झाल्यावर, अमेरिकेने १९९१ पर्यंत टप्प्याटप्प्याने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी घातली. त्यांच्या जागी आले पोलादाचे छरे. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, पोलादाची ७.८ पट. हलका छरा हवेत लवकर मंदावतो, म्हणून त्याला सुरुवातीलाच अधिक वेग द्यावा लागतो. अशा काडतुसाची तुलना काळी दारू आणि शिशाचे छरे यांच्याशी करायची तरी कशी? तसे काडतूस काळ्या दारूच्या काळात कुणी भरलेलेच नव्हते. जिच्याशी बरोबरी सांगायची ती वस्तूच इतिहासात नाही, अशी ही समतुल्यता.

कंपन्यांनी दोन वाटा काढल्या. काहींनी सरळ सेकंदाला इतके फूट असे छापायला सुरुवात केली. काहींनी ड्रामांचा रकाना तसाच ठेवून त्यात ‘मॅक्स’ असे तीन अक्षरांचे उत्तर भरले. जोरदार ‘मॅग्नम’ काडतुसांवरही हेच ‘मॅक्स’ दिसते. किती ड्रामांच्या बरोबरीचे? जास्तीत जास्त. म्हणजे किती, ते विचारू नये.

मातीच्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्यांच्या जगात मात्र ड्राम अधिक काळ टिकले, कारण तिथे काडतुसे अजून शिशाची, हलकी आणि जुन्या मापांजवळची होती. अमेरिकेतील ट्रॅप नेमबाजीच्या संघटनेच्या नियमपुस्तकात काडतुसाची कमाल मर्यादा दीर्घकाळ ‘तीन ड्राम-समतुल्य आणि १ १/८ औंस’ अशी लिहिलेली असे. पुढे तो नियम बदलला. आता तिथे १ १/८ औंसासाठी सेकंदाला १,२९० फूट अशी मर्यादा आहे. जुन्या कोष्टकाने पाहिले तर ही मर्यादा साडेतीन ड्रामांच्या जवळ जाते. मैदानावरचे जुने नेमबाज मात्र दुकानात अजूनही ‘तीन ड्रामची’ काडतुसे मागतात, आणि दुकानदार १,२०० फुटांचा डबा काढून देतो.